फक्त रुग्णवाहिका

आमच्या कारखान्याच्या दवाखान्यासमोर एक पाटी होती : 'येथे सायकल लावू नये.' सातपूरची औद्योगिक वसाहत तेव्हा नवी होती. साहेब सोडले तर सगळे सायकलवर येत, त्यामुळे पाटी लावणाऱ्याला जगात दुसरं वाहन सुचलं नसावं. पाटी लावणारे म्हणजे आमचे सुरक्षा अधिकारी सुभेदारसाहेब. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त होऊन ते आमच्याकडे आले होते. शत्रू सायकलवरून येणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. तो स्कूटरवरून आला. सुभेदारांनी रंगारी बोलावून पाटीवर 'स्कूटर' वाढवली. मग तिथे कॅन्टीनची हातगाडी उभी राहू लागली. रंगारी पुन्हा आला. मग कुणा कामगाराच्या सासरची माणसं पंचवटीहून टांगा करून आली आणि टांगा नेमका तिथे लागला. रंगाऱ्याने 'टांगा' लिहिलं. पुढच्या खेपेला टांगेवाल्याने टांगा फाटकाबाहेर ठेवला, घोडा सोडून आत आणला आणि दवाखान्याच्या सावलीत बांधला. पाटीवर घोड्याबद्दल काही नव्हतं.

त्याच आठवड्यात पगारे मॅडम कारखान्यात रुजू झाल्या. मी कार्मिक विभागात होतो, म्हणून नव्या अधिकाऱ्याला कारखाना दाखवण्याचं काम माझ्याकडे होतं. दवाखान्यापाशी त्या थांबल्या, पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली, मग घोड्याकडे पाहिलं आणि हसल्या. सुभेदार तिथेच होते. मॅडमनी त्यांना विचारलं, "इथे काय उभं राहायला हवं आहे?"

"रुग्णवाहिका," सुभेदार म्हणाले.

"मग तेवढंच लिहा ना. 'येथे फक्त रुग्णवाहिका.'"

सुभेदारांनी बराच विचार केला. "पण मॅडम, बाकीच्यांना मनाई आहे हे त्यांना कळणार कसं?"

"आपण रुग्णवाहिका नाही, एवढं त्यांना कळत असेल."

सुभेदारांना ते पटायला महिना लागला. पटल्यावर ती कल्पना त्यांची स्वतःची होती, आणि कारखान्याच्या गृहपत्रिकेत तसं छापूनही आलं. गृहपत्रिका मीच लिहीत असे. साहेबांची भाषणं, श्रद्धांजल्या, हारतुरे आणि सुरक्षा सप्ताहाच्या घोषणा हे सगळं माझंच खातं. अतिशयोक्तीचा मी पगारी नोकर होतो. म्हणूनच पगारे मॅडमविषयी लिहिताना मला जपून लिहावं लागतं. त्यांनी माझी विशेषणं कधी खपवून घेतली नाहीत.

कुमुद पगारे मूळच्या विंचूरच्या. वडील शाळामास्तर, घरची थोडी कांद्याची शेती. पुण्याहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आल्या होत्या आणि ते त्या लपवत नसत. नम्रता हा गुण त्यांच्यात मला तरी आढळला नाही. "मला येतं" हे वाक्य त्या "मला भूक लागली आहे" इतक्या साधेपणाने म्हणत. बायकांनी असं म्हणण्याची आमच्या कारखान्याला सवय नव्हती, त्यामुळे निम्मे अधिकारी त्यांना घाबरत आणि उरलेले त्यांची नक्कल करत. नक्कल एकाच शब्दाची असे : "आणखी?" कुणी म्हणालं की सगळं बघून झालंय, सगळ्या शक्यता धरल्या आहेत, काही राहिलेलं नाही, की मॅडम हातातलं पेन खाली ठेवून विचारत, "आणखी?" त्या एका शब्दाने मी भल्याभल्यांना घाम फुटलेला पाहिला आहे.

त्या काळात आमच्याकडे संगणक नव्हता, त्याला खाऊ घालणारी खोली तेवढी होती. तिथे मुली कार्डांना भोकं पाडत, आणि कार्डांच्या पेट्या रेल्वेने मुंबईच्या संगणकाकडे जात. चुका होऊ नयेत म्हणून एकीने पंच केलेलं कार्ड दुसरी पुन्हा पंच करी. फरक पडला तर यंत्र अडून बसे. व्यवस्थापनाला या पद्धतीचा फार अभिमान होता. मॅडम या खोलीच्या प्रमुख म्हणून आल्या आणि त्यांनी दाखवून दिलं की या दुहेरी तपासणीतून एक हमाल स्वतःच्या वडिलांपेक्षा वयाने मोठा होऊन बाहेर पडला आहे. मूळ कागदावरच चूक होती. दोघी मुलींनी ती इमानाने उतरवली होती. "दोन साक्षीदार एकाच खिडकीतून बघतात, मग ते सारखंच सांगणार," मॅडम म्हणाल्या. तेव्हापासून कार्ड पंच होण्याआधी प्रत्येक रकान्यात काय येऊ शकतं हे ठरलेलं असे. काय येऊ शकत नाही, याची चर्चा त्या होऊ देत नसत.

एकदा मी त्यांना विचारलं, ही चाल पुण्याला शिकलात का. म्हणाल्या, नाही, विंचूरला. बियाण्यासाठी कांदा निवडताना त्यांची आजी सडका कांदा बाजूला काढत नसे, चांगला तेवढा उचलत असे. "सडण्याचे प्रकार रोज नवे निघतात. चांगला कांदा कसा असतो ते मात्र ठरलेलं आहे." एवढं सांगून त्यांनी मला कामाला जायला सांगितलं.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं तेव्हा कारखान्यात स्वतःचा संगणक आला. त्याच्यासाठी वातानुकूलित खोली बांधली गेली. संबंध कारखान्यातली ती एकच थंड जागा, त्यामुळे मे महिन्यात साहेबांना तिथे अचानक कामं निघू लागली. धूळ नको म्हणून दाराशी जोडे काढावे लागत. बाहेरच्या जोड्यांच्या रांगेवरून आत कोण बसलंय ते शिपायांना कळे. मॅडम स्वतः बाराही महिने एक करडा स्वेटर घालून आत बसत. बुद्धपौर्णिमेला त्या घरून खिरीचा डबा आणत, आणि ती खीरही आम्हाला बाहेर, व्हरांड्यात उभ्याने खावी लागे.

प्रोग्राम बसवायला मुंबईहून सल्लागार आले. टाय लावणारे, गोरेगोमटे, हुशार गृहस्थ. हुशार हा शब्द मी मनापासून वापरतो. त्यांच्या हुशारीबद्दल मॅडमनाही शंका नव्हती. त्यांनी भांडारात एक पडदा आणि कळफलक बसवून दिला. भांडारातल्या माणसाने सुट्या भागाचा क्रमांक टाकायचा, की पडद्यावर शिल्लक दिसणार. लोकांना जादू वाटली. उद्घाटनाची तारीख ठरली, एक मोठे पाहुणे ठरले, जनरल मॅनेजरसाहेबांचं भाषण मी लिहिलं. ते भाषण कौतुकाने, इंग्रजी अक्षरांत का होईना, संगणकातच ठेवलं होतं. त्यात 'अभेद्य' हा शब्द मी खास घातला होता.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी सल्लागारांनी प्रात्यक्षिक ठेवलं. मॅडमनी भांडारातल्या कळफलकावर भागाचा क्रमांक टाकला, त्याच्यापुढे एक अर्धविराम दिला आणि आणखी काही अक्षरं टंकली. पडद्यावर शिल्लक दिसली आणि तिच्याखाली जनरल मॅनेजरसाहेबांचं भाषण सुरू झालं. 'आजचा हा अभेद्य...' तिथपर्यंत वाचून मॅडम थांबल्या.

काय झालं ते त्यांनी मला नंतर समजावलं, आणि मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. हा प्रोग्राम एखाद्या आळशी शिपायासारखा होता. तुम्ही दिलेली चिठ्ठी तो वाचत नसे. साहेबांच्या हुकमाच्या कागदाला ती जोडून आत पाठवी. आतलं यंत्र मग चिठ्ठीतलं सगळं साहेबांचाच हुकूम समजून पाळी. अर्धविराम म्हणजे 'पहिला हुकूम संपला, आता दुसरा ऐक.' चिठ्ठीत तुम्ही काहीही लिहा.

सल्लागार क्षणभरच गोंधळले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी प्रोग्राममध्ये सोय केली : कुणी अर्धविराम टाकला तर तो काढून टाकायचा. दुपारी मॅडमनी उभी रेघ टाकली. त्या रेघेलाही यंत्राच्या भाषेत अर्थ होता. भाषण पुन्हा आलं. संध्याकाळपर्यंत सल्लागारांनी उभ्या रेघेलाही बंदी घातली आणि हात झटकून म्हणाले, झालं, आता भोक नाही.

"आणखी?" मॅडम म्हणाल्या.

आणखी काय असणार, सल्लागारांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या की ते त्यांना माहीत नाही आणि अडचण तीच आहे. आपल्या भागांचे क्रमांक म्हणजे दोन अक्षरं आणि चार अंक. तेवढंच आत घ्या, बाकी सगळं दारातून परत पाठवा. मग कशाचा काय अर्थ होतो याची काळजी नको. सल्लागार म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण सगळे पडदे पुन्हा तपासावे लागतील, उद्घाटन पुढे जाईल. जनरल मॅनेजरसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "मॅडम, तुम्हाला आत्ता, या क्षणी, काही भोक दिसतंय का?"

मॅडम दुसरा संपूर्ण दिवस त्या कळफलकापाशी बसून राहिल्या. तिसरं भोक सापडलं नाही. प्रोग्राम स्वीकारल्याच्या कागदावर त्यांनी सही केली.

उद्घाटन दणक्यात झालं. नारळ व्हरांड्यात फुटला, उदबत्ती व्हरांड्यात लागली, गुरुजींनी हळदकुंकू लावायचं म्हटल्यावर मॅडमनी त्यांना संगणकाचं खोकं दिलं. यंत्र ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलं होतं, ते. गुरुजींनी खोक्याची पूजा केली. फुलं मखमलाबादची होती, आमच्याच भांडारातल्या निवृत्ती काकडांच्या मळ्यातली. हार मी सांगितले होते त्यापेक्षा जाड आले. काकडांना त्या यंत्राचं मनापासून कौतुक होतं. भांडारात असा माणूस तो एकटाच. बाकीचे म्हणत, हे खोकं आज शिल्लक सांगतंय, उद्या आपल्यालाच शिल्लक ठरवील. युनियनचा संगणकाला विरोध होता आणि काकड युनियनचे सभासद होते. ही गोष्ट पुढे त्यांना नडली.

पावसाळा संपत आला तेव्हा एका सकाळी भांडार क्रमांक दोन रिकामं झालं. प्रत्यक्षात नाही, मांडण्या भरलेल्या होत्या. संगणकात रिकामं झालं. हजारो भागांच्या नोंदी जाऊन तिथे एकच ओळ उरली. जुळणी विभागाला माल नाही म्हणून कळवलं गेलं, एक पाळी बसून राहिली, परदेशी जायचा माल धक्क्यावर अडकला. मॅडमनी आदल्या रात्री नक्कल करून ठेवलेल्या टेपवरून नोंदी दुसऱ्या दिवशी परत आणल्या, पण तोवर मुंबईच्या मुख्य कचेरीतून फोन येऊन गेले होते. फोन आले की कुणीतरी दोषी लागतो. यंत्राने सांगितलं की त्या वेळी भांडारातल्या पडद्यावर निवृत्ती काकड बसले होते. सल्लागार मुंबईहून आले आणि म्हणाले, हे आपोआप होणं शक्य नाही, भोकं सगळी बंद केलेली आहेत. हे कुणीतरी जाणून केलं आहे. युनियनचा माणूस, संगणकाला विरोध, सगळं जुळत होतं. काकडांवर घातपाताचा ठपका आला. निलंबनाचं पत्र माझ्याच टेबलावरून गेलं. चौकशी पुढच्या सोमवारी होती आणि तिचा निकाल काय लागणार हे शिपायांनासुद्धा माहीत होतं. घातपाताच्या ठपक्याने गेलेल्या माणसाला सातपूर, अंबड, कुठल्याच कारखान्याच्या फाटकाच्या आत पुन्हा पाऊल टाकता येणार नव्हतं.

रविवारी सकाळी मॅडम माझ्या घरी आल्या. स्कूटर काढा, म्हणाल्या, मखमलाबादला जायचंय. निलंबित कामगाराच्या घरी कार्मिक विभागाच्या अधिकाऱ्याने चौकशीच्या आदल्या दिवशी जाणं नियमात बसत नाही, असं मी सांगितलं. "तुम्ही मला सोडायला आलात. त्यांच्या घरात जाणारी मी," असं म्हणून त्या मागे बसल्यादेखील.

काकड झेंडूच्या वाफ्यात होते. आम्हाला बघून उठले, हात पुसले, आणि बोलेचनात. युनियनने सांगितलं होतं, तोंड उघडू नको. त्यांच्या आईने चहा आणला आणि कप हातात देतानाच मॅडमना विचारलं, "बाई, याची नोकरी जाती का वो?"

"ते मला अजून माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. खोटा धीर देणं त्यांना जमत नसे. मग काकडांकडे वळून म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते मला सांगू नका. करून दाखवा."

काकडांनी इकडेतिकडे पाहिलं. इथं कुठं मशीन हाय, म्हणाले. मॅडमनी पायाखालच्या ओल्या मातीकडे बोट दाखवलं. काकड खुरपं घेऊन उकिडवे बसले. मातीत त्यांनी दोन अक्षरं आणि चार अंक काढले. हा क्रमांक. त्यापुढे बाणाचं टोक काढलं. त्यापुढे इंग्रजीत 'स्टोअर टू'.

"हे काय?" मॅडमनी बाणाकडे बोट दाखवलं.

"बाण, मॅडम. माल तिकडं गेला म्हणून."

भांडारातली ती जुनी रीत मलाही माहीत होती. मांडणीवर प्रत्येक भागाचं एक कार्ड टांगलेलं असे. माल दुसऱ्या भांडारात पाठवला की भांडारवाला कार्डावर बाण काढून पुढे त्या भांडाराचं नाव लिही. कुणा जुन्या भांडारपालाने ती सुरू केली होती आणि आमच्या कारखान्याबाहेर ती कुठेच नव्हती. काकडांनी विचार केला, मशीन सगळं लक्षात ठेवतं तर माल हलवल्याचं कार्डाला सांगायचं आणि मशीनला का नाही? कळफलकावर बाणाच्या टोकासारखी एक खूण त्यांना सापडली.

"आपला बाण पण दिलाय म्हणून मी लय खूश झालो," काकड म्हणाले. "टाकला. मशीन काय बोललं नाय. पडदा साफ झाला. म्हणलं, पोचला माल."

मॅडम त्या मातीतल्या बाणाकडे इतका वेळ पाहत राहिल्या की आईंनी चहा गार होतोय म्हणून दोनदा आठवण केली. यंत्राच्या भाषेत ती खूण हा सुद्धा एक हुकूम होता : उत्तर पडद्यावर दाखवू नको, पुढे नाव दिलंय त्या फायलीत ओत, आणि ओतण्याआधी त्या फायलीत जे असेल ते सांडून टाक. भांडार क्रमांक दोनच्या नोंदींच्या फायलीचं नाव साहजिकच 'स्टोअर टू' होतं. यंत्राने काकडांचं अक्षरशः ऐकलं होतं.

"हेच तिसरं," मॅडम म्हणाल्या. मग चहा एका घोटात संपवला.

सोमवारी चौकशीच्या आधी जनरल मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. मी फायली घेऊन दाराशी होतो. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी फक्त वस्तुस्थिती मांडली. प्रोग्राम सदोष ठरला तर तो सदोष प्रोग्राम स्वीकारला कुणी, हा प्रश्न येईल. व्यवस्थापकपदासाठी मॅडमचं नाव मुख्य कचेरीकडे गेलेलं होतं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "प्रश्न येऊ द्या. उत्तर सोपं आहे."

चौकशीला मुंबईचे एक वयस्क वकील बसले होते. सल्लागारांनी सुरेख मांडणी केली. मॅडमनी त्यांना एकच विचारलं, की कळफलकावरच्या किती खुणांना त्यांनी बंदी घातली होती. दोन, ते म्हणाले. आणि बाकीच्या? बाकीच्यांची गरज नव्हती. सामान्य माणूस त्या वापरत नाही.

"काकड सामान्य माणूस आहेत," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी वापरली."

मग त्यांनी सगळ्यांना जोडे काढायला लावून थंड खोलीत नेलं. नोंदींची एक नक्कल वेगळी काढून ठेवली होती. काकडांना खुर्चीवर बसवलं आणि त्या दिवशीचं करायला सांगितलं. क्रमांक, बाण, भांडाराचं नाव, सगळं बरोबर पडलं. पडदा साफ झाला. मॅडमनी भांडार क्रमांक दोनची फाइल उघडून दाखवली. एक ओळ.

वकीलसाहेब मोजे घातलेल्या पायांनी पुढे सरकले, चष्मा लावून ती ओळ वाचली आणि म्हणाले, "म्हणजे हा गृहस्थ यंत्राला नोंद देत होता?"

"हो. यंत्रावर इतका विश्वास भांडारात दुसऱ्या कुणाचा नव्हता."

आणि हा प्रोग्राम स्वीकारला कुणी, असं वकीलसाहेबांनी विचारलंच.

"मी," मॅडम म्हणाल्या. "सही माझी आहे. तिसरं भोक मला सापडलं नाही म्हणून मी सही केली. भोक नव्हतं म्हणून नाही. हे दोन्ही एक नाही, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. दोष द्यायचा तर माझ्या खात्याला द्या."

मी इतिवृत्त लिहीत होतो. आयुष्यात इतकी भाषणं लिहिली, पण एकही विशेषण न वापरता माणसाला उभं राहता येतं हे मी तिथे पाहिलं. मला त्यांच्या खात्यात असावंसं वाटलं. जोडे बाहेर काढून, स्वेटर घालून.

काकड त्याच दिवशी कामावर आले. ठपका मागे घेण्याच्या पत्रात 'गैरसमज' हा शब्द घालावा असं मला वरून सांगण्यात आलं, आणि तो मी घातला. मॅडमचं व्यवस्थापकपद दुसऱ्या एका गृहस्थांना मिळालं. ते उत्तम पेटी वाजवत. त्याबद्दल मॅडम एकदाच बोलल्या : माणूस बरा आहे, मधे येत नाही.

प्रोग्राम त्यांनी स्वतः बसून बदलला. दोन अक्षरं, चार अंक. बाकी काहीही आलं की दारातून परत. आणि काकडांचा बाण त्यांनी मोडीत काढला नाही. माल हलवल्याची नोंद करायला वेगळी, सरळ सोय करून दिली. तो माणूस काही चुकीचं मागत नव्हता, म्हणाल्या. त्याला चुकीच्या दारातून यावं लागलं.

पण मला जास्त आठवतात ते त्यानंतरचे शनिवार. शनिवारी दुपारी मॅडम भांडारात येऊन बसत आणि जाहीर करत, "पाडून दाखवा. मिसळ माझी." हमालापासून भांडारपालापर्यंत कुणीही यायचं आणि कळफलकावर वाटेल ते करायचं. यंत्र अडलं, चुकलं किंवा नको ते बोललं, तर सगळ्या भांडाराला मिसळ. पहिले दोन शनिवार लोक लाजले. मग चेव आला. देवांची नावं टाकून झाली, शिव्या टाकून झाल्या. एकाने पेठकडच्या आपल्या गावाचं नाव टाकून पाहिलं. पडदा प्रत्येकाला शांतपणे परत पाठवत होता आणि मॅडम चेहरा कोरा ठेवून बसत. त्यांचा अभिमान मला मात्र दिसे. त्या वेळी त्या स्वेटरची बाही सारखी ओढत.

काकडांनी पाडलं. त्यांनी काही टंकलंच नाही. जेवणाचा डबा कळफलकावर ठेवला आणि तंबाखू मळत बसले. डब्याखालची कळ दाबलेली राहिली, अक्षरांची रांग वाढत वाढत गेली आणि यंत्र गपकन बंद पडलं. भांडारात जो आरडाओरडा झाला तो ऐकून सुभेदार धावत आले. मॅडमनी डबा उचलून पाहिला, परत ठेवून पाहिला, आणि मग मी त्यांना कधी नव्हे इतकं मोठ्याने हसताना ऐकलं.

"दार चांगलं होतं हो," त्या म्हणाल्या, "ओटाच लहान पडला." तपासणी नीट होती, पण तपासायच्या आधी आलेलं सगळं यंत्र पोटात घेत होतं. आत घेतानाच मोजून घ्यायला हवं, हे त्यांनाही सुचलं नव्हतं.

"आणखी?" काकडांनी विचारलं.

मॅडमनी काकडांकडे पाहिलं आणि पर्समधून मिसळीचे पैसे काढले. "पुढच्या शनिवारी बघू," म्हणाल्या.

दशक संपता संपता त्यांनी नोकरी सोडली. पुण्याला एका महाविद्यालयात संगणक शिकवायला बोलावलं होतं. निरोप समारंभ झाला. भाषण मी लिहिलं होतं. मॅडमनी ते आधी मागवून घेऊन त्यातले निम्मे शब्द खोडले होते, त्यामुळे ते बरं झालं. काकडांनी झेंडूचा हार आणला होता, उद्घाटनाच्या हारापेक्षाही जाड. घरी सोडायला जनरल मॅनेजरसाहेबांनी स्वतःची गाडी देऊ केली. असा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता. चालकाने गाडी आणून, मॅडमना कमी चालावं लागावं म्हणून, दवाखान्यासमोर उभी केली.

सुभेदार तिथेच होते. आता बरेच थकले होते. त्यांनी साहेबांच्या गाडीला सवयीने सलाम ठोकला. काकड मॅडमची पिशवी घेऊन मागून येत होते. ते थांबले, वर पाहिलं आणि म्हणाले, "सुभेदारसाहेब, पाटी काय म्हणतीय?"

सुभेदारांनी पाटी पाहिली : 'येथे फक्त रुग्णवाहिका.' गाडी पाहिली. ती साहेबांची होती, काळी होती, चकचकीत होती. पाटीवर तिच्याविषयी काहीच नव्हतं. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि चालकाला हात केला. "चलो, गाडी निकालो यहां से."

चालक भांबावून मॅडमकडे पाहू लागला. मॅडमनी काकडांच्या हातून पिशवी घेतली, हार काखेत मारला आणि म्हणाल्या, "बरोबर सांगतायत ते. काढा." गाडी मागे सरकून फाटकाकडे गेली. त्यांनी तिच्यात बसण्याची तसदी घेतली नाही. दोन शेडच्या मधल्या रस्त्याने त्या पायीच निघाल्या, करडा स्वेटर भर दुपारी अंगावर, काखेतल्या हारातून झेंडूच्या पाकळ्या मागे पडत होत्या. फाटकाशी पोचेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. खांदे मात्र हलत होते. त्या हसत होत्या, हे मला आणि काकडांना पाठमोऱ्यासुद्धा कळत होतं.